लाल रंगाला ऊन लागतं: न्यू जर्सीच्या अंगणात पानगळीची झुडपं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याने एडिसनजवळ नुकतंच घर घेतलं आहे. मागचं अंगण पश्चिमेकडे मोकळं, दक्षिणेच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे मोठे ओक, त्यामुळे तो पट्टा दिवसभर सावलीत. माती लालसर आणि चिकट. हरणं येतात. मेपलसारखं मोठं झाड लावायला जागा नाही. आधीच्या मालकांनी लावलेली दोन बर्निंग बुश त्या सावलीच्या पट्ट्यात आहेत. गल्लीतल्या इतर घरांसमोर तीच झुडपं ऑक्टोबरमध्ये लालभडक होतात, यांची मात्र फिकट गुलाबी होऊन गळून जातात. विचारणा अशी: यांना कोणतं खत घालावं, की अजून चार बर्निंग बुश आणून उन्हात लावावीत?

खत घालू नका. आणि नवी बर्निंग बुश तर मुळीच लावू नका. दोन्हींची कारणं सांगतो, कारण ती कळली की पुढची निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

पानात पिवळा रंग वसंतापासूनच असतो. कॅरोटिनॉइड नावाची ती रंगद्रव्यं हिरव्या क्लोरोफिलखाली झाकलेली असतात. दिवस लहान होऊ लागले की झाड नवं क्लोरोफिल बनवणं कमी करतं, असलेलं मोडून त्यातला नायट्रोजन फांद्यांत आणि मुळांत परत घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही. लाल आणि जांभळट रंग अँथोसायनिनचा, आणि बहुतेक झुडपांत ते शरद ऋतूतच नव्याने तयार होतं. ते बनतं पानातल्या साखरेपासून आणि त्यासाठी पानावर ऊन पडावं लागतं. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर साखर भरपूर तयार होते. रात्र गार असेल, पण गोठणारी नसेल, तर ती साखर पानातून बाहेर सावकाश जाते. देठाच्या बुडाशी पान तोडणारा थर तयार होत असतो, तोही तिची वाट अडवतो. अशा आठ-दहा दिवसांत लाल रंग चढतो. आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस रंगही अँथोसायनिनचाच, फक्त तिथे तो पानाच्या जन्माला येतो आणि इथे शेवटाला.

तेव्हा तुमच्या दोन झुडपांना काही रोग नाही. त्यांना ऊन नाही, एवढंच. खताने ते मिळणार नाही, उलट नुकसान होईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नायट्रोजन दिला की झुडूप नवी हिरवी वाढ काढत बसतं, रंग लांबतो, आणि कोवळे शेंडे पहिल्या कडक थंडीत काळे पडतात. हिरवळीसाठी शरद ऋतूत खत टाकायची इथे पद्धत आहे. हिरवळीतलं खत शेजारच्या झुडपांची मुळंही घेतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिरवळीला खत घालणाऱ्यांना सांगा, झुडपांच्या वाफ्यापासून तीन-चार फुटांच्या आत खत टाकू नका.

आता बर्निंग बुश. मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी अमेरिकेत आलं. त्याची केशरी फळं पक्षी खातात आणि बिया जंगलात पडतात. तिथे सावलीतही रोपं उगवतात, दाट गर्दी करतात आणि खालची स्थानिक वनस्पती मरते. मध्य न्यू जर्सीतल्या कुठल्याही वनराईत नोव्हेंबरमध्ये फिरा, ओकच्या पायथ्याशी फिकट गुलाबी झुडपांचा थर दिसेल. तो हाच. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून त्याची विक्री बंद आहे. लालजांभळ्या पानांच्या काटेरी जपानी बार्बेरीचीही तीच कथा. तिच्या दाट जाळीत ओलावा टिकतो आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी तिथे जास्त सापडतात, हे कनेक्टिकटमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. लहान मुलं अंगणात खेळत असतील तर बार्बेरी काढण्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

तुमची दोन बर्निंग बुश याच शरद ऋतूत काढा. फळं पिकून पक्षी यायच्या आत फांद्या कापून पिशवीत भरा, मग बुंधा खणून काढा. मुळं गुंतलेली असतात, पण खोल जात नाहीत. दोन वर्षं तिथे रोपं उगवत राहतील, ती हाताने सहज उपटता येतात. खणण्याआधी ८११ वर फोन करायला विसरू नका. गॅस आणि विजेच्या भूमिगत वाहिन्या कुठून जातात ते येऊन रंगाने आखून देतात, पैसे लागत नाहीत.

कुंपण साफ करताना आणखी एक गोष्ट सांभाळा, आणि भारतातून नव्याने आलेल्यांना हे मी प्रत्येक वेळी सांगतो. ऑक्टोबरमध्ये कुंपणावर किंवा ओकच्या खोडावर तीन-तीन पर्णिकांची, अतिशय सुंदर लाल-केशरी वेल दिसली तर तिला हात लावू नका. ती पॉयझन आयव्ही. आंबा, काजू आणि आपला बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातली. बिब्बा उतल्यावर अंगावर जे फोड उठतात, तसेच हिच्या तेलाने उठतात. पानं गळल्यावर नुसत्या वेलीतही ते तेल असतं आणि ती जाळली तर धुरातूनही बाधतं. काढायची असेल तर लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि नंतर कपडे वेगळे धुणं, किंवा सरळ माहितगार माणूस बोलावणं.

आता लावायचं काय? तुमच्या अंगणाचे दोन भाग करा. पश्चिमेची उन्हाची बाजू लाल रंगाला द्या. दक्षिणेचा सावलीचा पट्टा पिवळ्याला द्या आणि तिथे लालचा हट्ट सोडा. या एका वाटणीने निम्मं काम होतं. सावलीत लाल रंगाची झुडपं लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

उन्हाच्या बाजूला एकच झुडूप लावायची परवानगी असती, तर मी फॉदरगिला लावलं असतं. हे मूळचं अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतलं, विच हेझलच्या कुळातलं. एप्रिलमध्ये पानं यायच्या आधी पांढऱ्या ब्रशसारखी सुगंधी फुलं येतात. उन्हाळाभर पानं निळसर हिरवी राहतात. आणि ऑक्टोबर संपता संपता एकाच झुडपावर, कधीकधी एकाच पानावर पिवळा, नारिंगी आणि किरमिजी तिन्ही रंग दिसतात. त्याच्या ‘माउंट एअरी’ या वाणाची निवड प्रसिद्ध वनस्पतितज्ज्ञ मायकेल डर यांनी ओहायोतल्या सिनसिनाटीच्या माउंट एअरी अर्बोरेटममधून केली. पाच-सहा फूट उंच होतं आणि रंग भरवशाचा येतो. जागा कमी असेल तर दोन-तीन फुटांचं बुटकं फॉदरगिला मिळतं. फॉदरगिला हळू वाढतं, म्हणून नर्सरीत महाग असतं. त्याची किंमत द्या. लावताना दोन अटी पाळा: माती आम्लधर्मी हवी आणि पाणी साचता कामा नये. घराच्या पायाला लागून लावू नका, कारण काँक्रीटमधला चुना झिरपून तिथली माती अल्कधर्मी होत जाते आणि मग पानं उन्हाळ्यातच पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. तो पानगळीचा रंग नव्हे, लोह न मिळाल्याची खूण आहे.

तुमची चिकट माती बघता दुसरी निवड आयटिया, म्हणजे व्हर्जिनिया स्वीटस्पायर. न्यू जर्सीच्या दक्षिण भागातल्या ओलसर जागी हे रानात वाढतं, त्यामुळे पावसाळी आठवड्यात पाणी साचलं तरी याला फारसं काही होत नाही. ‘हेन्रीज गार्नेट’ हा वाण घ्या. मेरी हेन्री या वनस्पती गोळा करणाऱ्या बाईंनी १९५४ मध्ये जॉर्जियात हे झुडूप शोधलं. पेनसिल्वेनियात ग्लॅडविनला त्यांची बाग आजही आहे. जूनमध्ये पांढऱ्या लोंबत्या मंजिऱ्या आणि नोव्हेंबरमध्ये गडद माणकासारखी लाल-जांभळी पानं. बाकीची झुडपं उघडी पडल्यावरही हे पानं धरून ठेवतं, सौम्य वर्षी डिसेंबर उजाडेपर्यंत. हे जमिनीखालून फुटवे काढून पसरतं. दोन फुटांच्या अरुंद वाफ्यात लावलं तर त्रास होईल. उतारावर, गटाराच्या बाजूला, किंवा पावसाचं पाणी वाहून येतं अशा कोपऱ्यात पसरणं हाच याचा गुण ठरतो. चार-चार फुटांवर तीन लावा, तीन वर्षांत ते एकमेकांत मिळून जातील.

आणि ब्लूबेरी. शोभेच्या झुडपांच्या यादीत लोक हिला विसरतात आणि मला ते फार खटकतं. हायबुश ब्लूबेरीची लागवड सुरू झाली ती याच राज्यात. बर्लिंग्टन काउंटीत व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट यांनी पाइन बॅरन्समधल्या रानातून मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली, अमेरिकन कृषी खात्याचे फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्यांचे संकर केले, आणि १९१६ मध्ये पहिलं व्यापारी पीक बाजारात गेलं. जुलैत मुलांना ओंजळभर फळं, ऑक्टोबरच्या मध्यापासून शेंदरी-लाल पानं, आणि हिवाळ्यात तांबूस काड्या. ‘ड्यूक’ लवकर फळतं, ‘ब्लूक्रॉप’ मध्यावर. दोन वेगळे वाण जवळजवळ लावले की फळं जास्त आणि मोठी येतात. मात्र हिला ४.५ ते ५ सामू (मातीची आम्लता सांगणारा आकडा, pH) लागतो आणि तुमच्या चिकण मातीत ते सरळ जमणार नाही. ‘काय वाटतं’ यावर न जाता रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत नमुना पाठवा. अहवालात सामू आणि किती गंधक घालायचं तेही येतं. गंधकाचा परिणाम व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून शरद ऋतूत मातीत मिसळा आणि ब्लूबेरी पुढच्या वसंतात लावा. चिकण मातीत वर आठ-दहा इंच उंचवटा करून, त्यात पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिसळून लावली तर मुळं कुजत नाहीत.

आम्लतेची एवढी खटपट नको असेल तर लाल चोकबेरी, म्हणजे अरोनियाचं ‘ब्रिलियंटिसिमा’ वाण. ओली माती, कोरडी माती, दोन्ही चालते. पानं गळल्यावर लाल फळांचे घोस हिवाळ्यात बरेच दिवस राहतात, कारण ती तुरट असल्याने पक्षी शेवटी खातात. सहा-आठ फूट उंच होतं, पण खालचा भाग उघडा, काटक्यांचा दिसतो. त्याच्या पुढे बुटकं काहीतरी हवंच. तिथे मी फ्रेग्रंट सुमॅकचा ‘ग्रो-लो’ वाण लावतो: दोन फूट उंच, सहा-आठ फूट पसरट, वाईटातल्या वाईट मातीत वाढणारा. हाही आंबा-बिब्ब्याच्याच कुळातला आणि पानंही तीन-तीनच, पण याच्यामुळे पॉयझन आयव्हीसारखे फोड येत नाहीत. पान चुरगळलं की वास येतो, बहुधा त्यामुळेच हरणं याला सहसा सोडून देतात.

हरणांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. भुकेलेलं हरण फेब्रुवारीत काहीही खातं. रटगर्सने झुडपांची चार पायऱ्यांत विभागलेली यादी काढली आहे, नर्सरीत जाण्यापूर्वी ती वाचून जा. माझा अनुभव सांगायचा तर सुमॅक आणि स्पाइसबुश (त्याबद्दल पुढे) जवळजवळ सुरक्षित, आयटिया आणि फॉदरगिला मधली, आणि ब्लूबेरी व ओकलीफ हायड्रेंजिया ही त्यांची आवडीची. कोणतंही झुडूप असो, पहिली दोन वर्षं भोवती चार फूट उंचीची जाळी गोल उभी करा. नवं रोप हरणांना जास्त आवडतं, कारण नर्सरीत ते खतावर वाढलेलं असतं. एकदा चार फुटांच्या वर गेलं की थोडं कुरतडलं तरी ते तग धरतं.

ओकलीफ हायड्रेंजियाचा उल्लेख केलाच आहे तर सांगतो: तुमच्या अंगणात ऊन आणि सावली जिथे भेटतात, ती जागा हिची. सकाळी दोन-तीन तास ऊन मिळालं तरी ही द्राक्षारसासारखी गडद होते. लालमध्ये सावली सोसणारी ही जवळजवळ एकटीच. अमेरिकेच्या नॅशनल अर्बोरेटमने काढलेला ‘रुबी स्लिपर्स’ साडेतीन फुटांच्या आसपास राहतो, लहान अंगणाला तो बरा. घराच्या भिंतीजवळ, जिथे हरणं यायला बिचकतात, तिथे लावा. पायाला लागूनच नको, दोन-तीन फूट पुढे.

सावलीच्या पट्ट्यात स्पाइसबुश आणि विच हेझल. दोन्ही इथलीच, ओकच्या खाली वाढायची त्यांना सवय आहे. स्पाइसबुश ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लोण्यासारखं पिवळं होतं आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणीतरी दिवा लावल्यासारखा उजेड पडतो. स्पाइसबुश स्वॅलोटेल नावाच्या मोठ्या काळ्या फुलपाखराच्या अळ्या याची पानं खातात. पानं गुंडाळलेली दिसली तर औषध मारू नका, आत अळी असते. नर आणि मादी झुडपं वेगळी असतात, लाल फळं हवी असतील तर तीन-चार लावा. आणि व्हर्जिनियाना जातीचं स्थानिक विच हेझल तर पानं पिवळी असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काड्यांवर पिवळ्या फितींसारखी फुलं काढतं. वर्षातलं शेवटचं फुलणारं झुडूप. ते पंधरा फुटांपर्यंत वाढतं, कुंपणाच्या कोपऱ्यात एकच पुरे.

आता एक गोष्ट, जी झुडपं विकणारे सहसा सांगत नाहीत. शरद ऋतूत सूर्य खाली आलेला असतो आणि पान समोरून उजळण्यापेक्षा मागून उजळलं की रंग कितीतरी जास्त दिसतो. तुमचं अंगण पश्चिमेचं आहे. संध्याकाळी चार-साडेचारला स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभे राहा आणि ऊन कुठून येतं ते बघा. खिडकी आणि मावळता सूर्य यांच्या मधल्या रेषेवर फॉदरगिला आणि ब्लूबेरी यायला हवी. त्यांच्या मागे पण थोडं बाजूला, ऊन अडणार नाही असं, काहीतरी सदाहरित असू द्या. इंकबेरी किंवा कुंपणाला असलेलं आर्बरव्हायटी चालेल. लाल विटांच्या भिंतीसमोर लाल झुडूप दिसतच नाही. तिथे पिवळं लावा.

ब्लूबेरी सोडून बाकीची रोपं घ्यायची वेळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. याला दोन कारणं आहेत. माती अजून उबदार असते, त्यामुळे वरची वाढ थांबली तरी मुळं चालू राहतात. आणि रोप रंगात आलेलं डोळ्यांनी बघून घेता येतं. एकाच जातीच्या दोन रोपांचा रंग वेगळा असू शकतो, विशेषतः बियांपासून वाढवलेल्यांचा. लेबलवरचा फोटो बघू नका, कुंडीतलं पान बघा. कुंडीतून रोप बाहेर काढून दाखवायला सांगा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर दुसरं घ्या, किंवा लावताना ती सुरीने तीन-चार जागी उभी चिरा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. चिकण मातीत गोळा जमिनीपेक्षा इंचभर वर राहिलेला बरा. ब्लूबेरीचा उंचवटा सोडला तर खड्ड्यात पिशवीतली भारी माती भरू नका, निघालेलीच माती परत टाका. नाहीतर चिकण मातीत तो खड्डा भांड्यासारखा पाणी धरून बसतो आणि मुळं त्याच्या बाहेर जातच नाहीत. वर दोन-तीन इंच मल्च, म्हणजे सालीच्या किंवा लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. खोडाभोवती मल्चचा डोंगर करायची इथे रीत पडली आहे, तिने साल कुजते आणि उंदरांना घर मिळतं.

पाणी पहिलं पूर्ण वर्ष. आठवड्याला साधारण इंचभर, पावसाने मिळालं नाही तर नळीने, बुंध्याशी बारीक धार सोडून. पानं गळल्यावरही जमीन गोठेपर्यंत द्या. २०२४चा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. राज्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. त्या वर्षी पाणी न मिळालेल्या नव्या झुडपांची पानं कडेने करपून तपकिरी झाली, रंग चढायच्या आधीच. पाणी मिळालेल्यांना कोरडी, उन्हाची हवा उलट मानवली.

पहिल्या शरद ऋतूत फार अपेक्षा ठेवू नका. नवं झुडूप मुळं धरण्यात गुंतलेलं असतं, पानं लवकर टाकतं. खरा रंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. छाटणीची घाईही नको. फॉदरगिला, आयटिया आणि ओकलीफ हायड्रेंजिया तिन्ही जुन्या काड्यांवर फुलतात. मार्चमध्ये अंगण साफ करायच्या भरात त्यांना छाटलं तर त्या वर्षीची फुलं गेली. फुलं सरल्यावर लगेच, तेही वाकड्या किंवा मेलेल्या फांद्यांपुरतं. ब्लूबेरीचं वेगळं: तिच्या सहा-सात वर्षांहून जुन्या जाड फांद्या हिवाळ्याच्या अखेरीस बुडातून काढायच्या, म्हणजे नव्या काड्यांवर फळंही चांगली येतात आणि लाल रंगही. आणि झुडपांखाली पडलेली पानं उचलून पिशवीत भरू नका, वाफ्यातच राहू द्या. फक्त हिरवळीवरची गोळा करा आणि तीही याच झुडपांच्या पायाशी आणून टाका.